दोन फायलींची एक करताना: एसडिफ, डिफ३ की गिट मर्ज-फाइल?

शब्दसूची एकच. ती मी घरी दुरुस्त केली आणि सहकाऱ्याने ऑफिसात. आता दोघांचंही काम राखून एक फाइल करायची आहे. अशा वेळी मी आधी एकच गोष्ट शोधते: दोघांनी जिथून सुरुवात केली ती मूळ प्रत कुठे शिल्लक आहे का? टर्मिनलमध्ये कमांड कोणती वापरायची ते यावरूनच ठरतं.

मूळ प्रत नसेल तर दोन फायली शेजारी-शेजारी दाखवणारा एसडिफ घ्या. एखादी ओळ माझ्याकडे आहे आणि त्याच्याकडे नाही, तर ती मी घातली की त्याने काढली, हे दोनच फायली पाहून कुठल्याच प्रोग्रामला कळणार नाही. ते माणसानेच सांगायला हवं, आणि एसडिफ तेच विचारतो. कमांडमध्ये डॅश ओ (-o) हा पर्याय लिहून नव्या फाइलचं नाव दिलं की सारख्या ओळी तो आपणहून उतरवतो आणि फरकापाशी थांबतो. डावीकडे ‘संचिका’, उजवीकडे ‘फाइल’, मध्ये उभी रेघ आणि खाली टक्क्याचं चिन्ह. डावी ओळ हवी तर एल, उजवी हवी तर आर. दोन्हींतून तिसरीच ओळ करायची असेल तर ईबी, मग दोन्ही ओळी एडिटरमध्ये उघडतात. पंधरा-वीस फरकांसाठी मला याहून बरं काही सापडलेलं नाही. फरक शंभरावर गेले की मात्र हात सवयीने एल दाबत सुटतो आणि चुका होतात. शिवाय मागे जाऊन निर्णय बदलता येत नाही. त्यापेक्षा विम या एडिटरमधला विमडिफ बरा, अर्थात विम वापरता येत असेल तरच.

मूळ प्रत असेल तर एसडिफवर वेळ घालवू नका. तीन फायली ताडून पाहणाऱ्या डिफ३ला डॅश एम (-m) द्या किंवा गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामची मर्ज-फाइल ही कमांड वापरा. फायलींचा क्रम दोन्हीकडे तोच: माझी, मूळ, त्याची. एकानेच बदललेल्या ओळी न विचारता घेतल्या जातात आणि दोघांनी एकाच जागी हात घातला असेल तिथे खुणा उमटतात, म्हणजे तिथली निवड आपण करायची. मी गिट मर्ज-फाइल निवडते. दोघांनी नेमकी तीच दुरुस्ती केली असेल तर ती मुकाट्याने स्वीकारते. डिफ३ डॅश एम तिथेही खुणा घालतो, आणि शब्दसूचीत असं फार होतं. गिट मर्ज-फाइलसाठी गिटची रिपॉझिटरी, म्हणजे गिटने सांभाळलेला फोल्डर, असावी लागत नाही.

एक जपा. गिट मर्ज-फाइल निकाल थेट पहिल्या फाइलवर लिहिते. माझी तीन दिवसांची प्रत अशीच गेली होती. डॅश पी दिलं की निकाल पडद्यावर येतो, तो वेगळ्या नावाने साठवा. डिफ३ मुळातच पडद्यावर लिहितो, पण तो निकाल तीनपैकी एखाद्या फाइलच्याच नावावर वळवलात तर शेल (आपल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) ती फाइल आधी रिकामी करतो.

मराठी मजकुराची अडचण याहून निराळी. ‘ॲप’मधला ॲ एकाच अक्षराचा असतो किंवा अ आणि चंद्र जोडून केलेला. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र सुद्धा दोन तऱ्हांनी लिहिला जातो. डोळ्याला दोन्ही ओळी सारख्या, फरक शोधणाऱ्या डिफला वेगळ्या, आणि अक्षरांची समान मानलेली रूपं एक करणाऱ्या युनिकोडच्या नॉर्मलायझेशननेही ही रूपं एक होत नाहीत. म्हणून मर्ज करण्याआधी सेडने (शोधून बदलणारी कमांड) एकच रूप करून घ्या, मूळ प्रतीतसुद्धा. एका फाइलच्या ओळी विंडोजच्या पद्धतीने संपत असतील तर त्याही तेव्हाच सारख्या करा, नाहीतर प्रत्येक ओळ बदललेली दिसेल.

लेखासारखा मजकूर असेल तर आणखी एक. युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीत, १९७४ साली, डिफ आला तेव्हापासून तो ओळीच्या हिशेबानेच चालतो. आपला अख्खा परिच्छेद एका ओळीत असला तर एका वेलांटीसाठी सगळा परिच्छेद बदललेला दिसतो. तिथे गिट डिफला नो-इंडेक्स आणि वर्ड-डिफ हे पर्याय द्या, नेमका शब्द दिसतो. पण हे फक्त पाहण्यापुरतं. मर्ज ओळीनेच होतं. म्हणून मी आता प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहिते.