जंतुसंसर्ग की प्रोपिओनिक ॲसिडिमिया? मलूल नवजात बाळाच्या तपासण्यांचा तुलनात्मक आढावा

पूर्ण दिवसांचे, जन्मताच रडलेले आणि पहिले दोन दिवस व्यवस्थित दूध ओढणारे बाळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाजायला घेतले तरी तोंड उघडत नाही, उलट्या करते, अंग सैल सोडते आणि तळपायाला टिचकी मारली तरी जेमतेम हुंकारते, तेव्हा घोडबंदर रस्त्यावरील काय किंवा कोपरखैरण्यातील काय, कोणत्याही नर्सिंग होममध्ये पहिला शब्द उच्चारला जातो तो सेप्सिस. तो अवाजवी नसतो, कारण नवजात बाळांत जंतुसंसर्ग हा चयापचयाच्या जन्मजात विकारांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो. अडचण अशी की प्रोपिओनिक ॲसिडिमिया या चयापचयाच्या जन्मजात विकाराचे बाळही हुबेहूब असेच दिसते आणि दोहोंतील फरक दाखवणाऱ्या साध्या तपासण्या सेप्सिसच्या नेहमीच्या यादीत बहुधा नसतात. त्यामुळे लहान रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञापुढे खरा निर्णय असतो तो कोणती तपासणी जागेवर करायची, कोणती बाहेर पाठवायची आणि कोणत्या अहवालासाठी थांबायचे नाही, हा.

या आजारात प्रोपिओनिल-कोए कार्बोक्सिलेज हे पेशींच्या मायटोकाँड्रियातील, बायोटिनच्या साहाय्याने चालणारे विकर काम करत नाही. आयसोल्युसिन, व्हॅलिन, मेथिओनिन आणि थ्रिओनिन ही अमिनो आम्ले, विषम कार्बनसंख्येची मेदाम्ले आणि आतड्यातील जिवाणू यांच्यापासून तयार होणारे प्रोपिओनेट मग साचत जाते. जन्माआधी ते वारेवाटे आईच्या शरीरात जाऊन निकाली निघते, म्हणून बाळ जन्मतः निरोगी दिसते. दूध सुरू झाल्यावर, आणि पहिल्या दिवसांत बाळाचे वजन स्वाभाविकपणे घटताना स्वतःच्याच प्रथिनांचे विघटन होऊ लागल्यावर, लक्षणे उघडी पडतात. मधला हा बऱ्या प्रकृतीचा काळ काही तासांचा असतो किंवा काही दिवसांचा.

बाळाकडे पाहून निवाडा करायचा म्हटले तर हाती फार थोडे लागते. पाणमोट लवकर फुटणे, आईला ताप असणे, प्रसूती लांबणे या गोष्टी संसर्गाकडे बोट दाखवतात. आईवडील मामे-आते भावंडे असणे किंवा आधीचे एखादे बाळ चौथ्या-पाचव्या दिवशी ‘इन्फेक्शनने गेले’ असे आजीने सांगणे, हे चयापचयाच्या विकाराकडे नेते. घाईत घेतलेल्या इतिहासात हा दुसरा प्रश्न विचारलाच जात नाही, आणि माझ्या मते तो सीआरपी या संसर्गासाठी केल्या जाणाऱ्या रक्ततपासणीइतकाच महत्त्वाचा आहे. छाती स्वच्छ असताना खोल आणि जलद चालणारा श्वास आम्लतेचा संशय वाढवतो. शरीराचे तापमान उतरणे, झटके येणे, शुद्ध हरपत जाणे हे मात्र दोन्हीकडे सारखेच दिसते. वासाचा उपयोग नाही; घामट पावलांसारखा वास येतो तो आयसोव्हॅलेरिक ॲसिडिमियात, प्रोपिओनिकमध्ये नव्हे.

प्रयोगशाळेत फरक अधिक स्पष्ट होतो, पण तोही एका आकड्याने नाही. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटणे हे सेप्सिसचे चिन्ह मानले जाते; प्रोपिओनिक ॲसिडिमियातही अस्थिमज्जा दबल्याने नेमके हेच घडते, म्हणून सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, दिसलेल्या घटीवरून संसर्ग सिद्ध होत नाही. ब्लड गॅसमध्ये, म्हणजे रक्तातील वायू व सामू मोजणाऱ्या तपासणीत, आम्लता दोहोंत आढळते. सेप्सिसमधील आम्लता बहुतांशी लॅक्टेटमुळे, म्हणजे पेशींना ऑक्सिजन अपुरा पडल्यावर साचणाऱ्या द्रव्यामुळे, असते आणि रक्ताभिसरण सुधारले की ओसरते. प्रोपिओनिकमध्ये सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा केल्यावर उरणारा ॲनायन गॅप अनेकदा २० च्या पुढे जातो, आणि लॅक्टेट वाढलेले असले तरी त्याचा आकडा ती सगळी तफावत भरून काढत नाही. साखर कमी असू शकते आणि वाढलेलीही; वाढलेली साखर व कीटोन (मेदाच्या विघटनातून बनणारी द्रव्ये) एकत्र दिसल्यामुळे मोठ्या मुलात हा आजार मधुमेहाचा कीटोॲसिडोसिस समजला जाऊ शकतो.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित तपासणी लघवीच्या पट्टीची आहे. नवजात बाळाच्या लघवीत कीटोन सहसा उतरत नाहीत. ते ठळकपणे दिसले, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत सेंद्रिय आम्लांचा विकार गृहीत धरावा.

अमोनिया ही तपासणी मात्र नीट केली तरच उपयोगाची आहे. प्रोपिओनिल-कोए साचल्यामुळे एन-ॲसिटिलग्लुटामेट तयार करणारे विकर दबते, अमोनियाचे युरियात रूपांतर करणाऱ्या युरिया चक्राची पहिली पायरी अडते आणि अमोनिया चढतो. निरोगी नवजात बाळात तो साधारणपणे ११० मायक्रोमोल प्रति लिटरच्या आत असतो. कोणत्याही कारणाने आजारी असलेल्या बाळात १८० पर्यंत जाऊ शकतो. २०० च्या पुढे गेला तर चयापचयाचा विकार मानूनच पुढे चालावे. इथे एककाकडे लक्ष हवे. काही प्रयोगशाळा मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर या एककात अहवाल देतात आणि तो आकडा सुमारे १.७ पट मोठा असतो, म्हणजे त्या एककातील ३४० हा दुसऱ्या एककातील २०० च होय. रक्त मुक्तपणे वाहत्या शिरेतून, पट्टा फार वेळ न आवळता घ्यावे, नळी लगेच बर्फात ठेवावी आणि तपासणी अर्ध्या तासाच्या आत सुरू व्हावी. उशीर झाला किंवा रक्तपेशी फुटल्या तर आकडा खोटाच वाढतो. कळव्याहून निघालेला नमुना ऐरोलीच्या वाहतुकीत तासभर अडकला, तर त्या अहवालावर निर्णय घेता येत नाही. आपल्या रुग्णालयात किंवा चालत जाण्याच्या अंतरावर अमोनिया कुठे होतो, हे रुग्ण येण्यापूर्वीच ठाऊक असावे.

अमोनिया वाढलेला आढळल्यावर दुसरी तुलना सुरू होते. युरिया चक्राच्या विकारात अमोनिया फार चढतो, पण सुरुवातीला ब्लड गॅसमध्ये श्वसनजन्य अल्कलता दिसते, कीटोन नसतात आणि ग्लुटामिन हे अमिनो आम्ल वाढलेले असते. प्रोपिओनिकमध्ये आम्लता आणि कीटोन असतात, ग्लायसिन हे अमिनो आम्ल वाढते आणि ग्लुटामिन बहुधा वाढत नाही. तरीही सामू सामान्य आहे एवढ्यावरून हा आजार बाद करू नये. आम्लता सौम्य असताना अमोनिया वाढलेली बाळेही आढळतात. ग्लायसिनच्या या वाढीमुळेच १९६१ साली वर्णन झालेल्या पहिल्या रुग्णाच्या आजाराची ओळख हायपरग्लायसिनेमिया अशी झाली होती. तेव्हाच्या उपकरणांना दिसले ते ग्लायसिन, मूळ आम्ल नव्हे.

बाहेर पाठवायच्या तपासण्यांत टीएमएस (रक्ताच्या ठिपक्यांची टँडेम मास स्पेक्ट्रोमेट्री) आणि लघवीचे जीसी-एमएस (त्यातील सेंद्रिय आम्ले ओळखणारी तपासणी) यांपैकी एकच करायची असेल तर कोणती, असा प्रश्न खर्चामुळे नेहमी येतो. फिल्टर पेपरवरील वाळलेले रक्ताचे ठिपके पाकिटातून कुठेही पाठवता येतात, हा टीएमएसचा मोठा फायदा. तिच्यात प्रोपिओनिलकार्निटिन, म्हणजे सी३, आणि सी३ व सी२ (ॲसिटिलकार्निटिन) यांचे गुणोत्तर वाढलेले दिसते. पण सी३ मेथिलमॅलोनिक ॲसिडिमियातही वाढते, आणि आपल्याकडे ज्याचा विसर पडू नये अशा तिसऱ्या कारणानेही वाढते, ते म्हणजे शाकाहारी आईतील बी-१२ ची कमतरता. लघवीत मेथिलसायट्रेट, ३-हायड्रॉक्सीप्रोपिओनेट, प्रोपिओनिलग्लायसिन आणि टिग्लिलग्लायसिन आढळले आणि मेथिलमॅलोनिक आम्ल वाढलेले नसले, तर निदान प्रोपिओनिककडे झुकते. मेथिलमॅलोनिक आम्ल वाढले असेल तर आई व बाळाचे बी-१२ आणि होमोसिस्टीन तपासावे. बायोटिनशी संबंधित विकारांतही मेथिलसायट्रेट दिसू शकते, पण तिथे टीएमएसमधील सी५-ओएच हा आणखी एक कार्निटिन-घटकही वाढलेला असतो. आजार भरात असतानाची लघवी सर्वाधिक बोलकी असते, म्हणून ती पहिल्याच तासात धरून गोठवून ठेवावी आणि रक्ताचे ठिपके रक्त चढवण्याआधी घ्यावेत. दोन्ही तपासण्या परवडत असतील तर दोन्ही कराव्यात. एकच शक्य असेल तर, पट्टीवर कीटोन असलेल्या बाळात मी जीसी-एमएस निवडेन.

त्या अहवालांना दिवस लागतात आणि बाळाकडे तास असतात. म्हणून प्रतिजैविके सुरू ठेवूनच प्रथिने थांबवावीत, तीही २४ ते ४८ तासांपुरतीच, कारण त्यापुढे शरीर स्वतःचे स्नायू वापरू लागते. १० टक्के डेक्स्ट्रोज व क्षार यांचे सलाइन असे चालवावे की नवजात बाळाला दर मिनिटाला किलोमागे ८ ते १० मिलिग्रॅम ग्लुकोज मिळेल. शिरेतून कार्निटिन आणि उपलब्ध असल्यास, नळीवाटे पोटात, अमोनिया उतरवणारे कार्ग्लुमिक आम्ल द्यावे. निदान निश्चित होईपर्यंत हायड्रॉक्सोकोबालामिन (बी-१२ चा एक प्रकार) १ मिलिग्रॅम आणि बायोटिन यांनी नुकसान होत नाही. झटक्यांसाठी व्हॅल्प्रोएट टाळावे, ते अमोनिया वाढवते. अमोनिया ४०० ते ५०० मायक्रोमोलच्या पुढे असेल किंवा उपचारांनंतरही चढत असेल, तर नवजात बाळाचे डायलिसिस होते अशा केंद्रात हलवणे हाच पर्याय उरतो, आणि पूर्व द्रुतगती महामार्गावरील प्रवासात डेक्स्ट्रोज क्षणभरही बंद पडू नये.

उशिरा प्रकटणारा प्रकार वेगळ्या रूपात येतो. उष्टावणानंतर वरण, अंडे, दूध नाकारून नुसता भात मागणारे, वजन न धरणारे मूल तापाच्या किंवा जुलाबाच्या आजारात अचानक गुंगीत जाते, किंवा मेंदूतील बेसल गँग्लियाला इजा होऊन त्याच्या हालचाली बिघडतात. तुलनेने बऱ्या दिसणाऱ्या मुलातही हृदयाचे स्नायू कमकुवत होऊ शकतात आणि ईसीजीत क्यूटी (हृदयाच्या विद्युत चक्रातील एक कालावधी) लांबू शकतो, म्हणून ईसीजी व इको नियमित हवेत. पोटदुखीसह उलट्या असतील तर लायपेज तपासून स्वादुपिंडाचा दाह पाहावा. मूत्रपिंडे निकामी होणे मेथिलमॅलोनिकमध्ये अधिक ठळक असते.

राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण, २०२१ मध्ये विशेष आहाराने सांभाळता येणाऱ्या विकारांच्या यादीत प्रोपिओनिक ॲसिडिमिया आहे. धोरणातील उत्कृष्टता केंद्रांपैकी परळचे केईएम रुग्णालय ठाणे-नवी मुंबईकरांना सोयीचे असून, अशा केंद्रांमार्फत २०२२ पासून ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. त्या वाटेवर पीसीसीए आणि पीसीसीबी या, वर सांगितलेले विकर घडवणाऱ्या, जनुकांची तपासणी उपयोगी पडते. तातडीच्या निर्णयात तिचे स्थान नाही, पण पुढच्या प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्के असतो आणि कुटुंबातील जनुकबदल माहीत असेल तर गर्भाची नेमकी तपासणी करता येते. म्हणून बाळ वाचेलसे वाटत नसले, तरी ईडीटीए नळीतील दोन-तीन मिलिलिटर रक्त आणि फिल्टर पेपरवरचे ठिपके राखून ठेवण्याबद्दल आईवडिलांशी त्याच दिवशी बोलावे.