हॅकेथॉन, इनक्युबेटर की थेट ग्राहक? कॉलेजमधल्या कल्पनेला कुठला रस्ता

रोजच्या एखाद्या त्रासावर उपाय सुचला, चार मित्र जमले, आता पुढे काय? कॉलेजातले सर म्हणतात, हॅकेथॉनला, म्हणजे दिलेल्या प्रश्नावर ठरलेल्या तासांत उपाय तयार करायच्या स्पर्धेला, नाव द्या. सीनिअर सांगतात, इनक्युबेटरकडे, म्हणजे नव्या धंद्याला जागा, यंत्रं, मार्गदर्शन देणाऱ्या केंद्राकडे, अर्ज करा, अनुदान मिळतं. तिसरं कुणीतरी म्हणतं, हे सगळं सोडा, पहिलं गिऱ्हाईक शोधा. तिन्ही सल्ले खरे आहेत, पण प्रत्येक कल्पनेला तिन्ही लागू पडत नाहीत. म्हणून दोन अगदी वेगळ्या कल्पना समोर ठेवून ते ताडून पाहू.

पहिली कल्पना मेसच्या खाड्याची. गावी जायचं असेल तर आदल्या दिवशी सांगायचं, मावशी वहीत लिहिणार, आणि महिनाअखेरीस खाडे किती यावरून वाद. दुसरी कल्पना कांदाचाळीची. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरतात आणि भाव पाहून दिवाळीपर्यंत काढत राहतात. आत कुठे सड लागली हे बाहेरून कळत नाही. वास येईपर्यंत आजूबाजूचा कांदाही गेलेला असतो. या प्रश्नावर लासलगावच्या कल्याणी शिंदे यांनी कम्प्युटर इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी असताना काम सुरू केलं. सडणाऱ्या कांद्यातून निघणारा वायू, तापमान आणि आर्द्रता यांवर लक्ष ठेवणारं यंत्र त्यांनी नाशिकच्या डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर या टीसीएसच्या नवकल्पना केंद्रात घडवलं आणि पुढे ‘गोदाम इनोव्हेशन्स’ ही कंपनी उभी केली.

हॅकेथॉन

‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ २०१७ पासून चालू आहे. सहा जणांची टीम, त्यात किमान एक मुलगी, आधी कॉलेजातली फेरी, मग सॉफ्टवेअरसाठी सलग ३६ तासांची अंतिम फेरी. प्रश्न बहुतेक मंत्रालयं, सरकारी विभाग आणि कंपन्यांकडून आलेले असतात. बक्षीस लाखाच्या घरात.

इथे मुदतीत काम संपवायची सवय लागते. आपल्यातला कोण रात्री तीन वाजताही शांत डोक्याने चूक शोधतो आणि कोण फक्त स्लाइड सजवतो, हे कळतं. भागीदार निवडताना ही माहिती फार मोलाची असते.

पण प्रश्न दुसऱ्याचा असतो आणि परीक्षक हा गिऱ्हाईक नसतो. त्याला तुमचं काम आवडलं म्हणून त्या विभागाने ते विकत घ्यावं असं बंधन नाही. हॅकेथॉन जिंकलेल्या टीमला ‘आपला स्टार्टअप चालला’ असं वाटायला लागतं, तेव्हा मला खरोखर काळजी वाटते.

हॅकेथॉन वेगळ्या पद्धतीनेही होऊ शकते. २०१५ च्या सिंहस्थाआधी नाशिकमध्ये ‘कुंभथॉन’ झाली. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबचे संशोधक रमेश रास्कर हे मूळ नाशिकचे, त्यांचा त्यात पुढाकार होता. तिथे निलय कुलकर्णी या शाळकरी मुलाने गर्दीत पावलं मोजणारी चटई तयार केली आणि कुंभातच ती वापरून पाहिली गेली. प्रश्न त्याच गावातला, गर्दीही तिथेच जमणारी, तारीख ठरलेली. नाशिकचा पुढचा कुंभ २०२७ मध्ये आहे, तेव्हा त्या भागातल्या मुलांनी ही संधी हातची जाऊ देऊ नये.

इनक्युबेटर आणि अनुदान

केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची ‘निधी-प्रयास’ योजना वस्तूचा पहिला नमुना बनवायला १० लाखांपर्यंत अनुदान देते. मुंबई आयआयटीचं ‘साइन’, पुण्यात एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर अशा इनक्युबेटरमार्फत ती चालते. हातात धरता येईल अशी वस्तू हवी, नुसतं ॲप असेल तर इथे दार बंद. म्हणजे चाळीतल्या सेन्सरला हा रस्ता आहे, मेसच्या ॲपला नाही.

अनुदानात कंपनीचा हिस्सा जात नाही, आणि हे विद्यार्थ्यांना पुरेसं उमगलेलं नसतं. मालेगावजवळच्या कमलेश घुमरे यांनी वडिलांच्या पाठीवरचा फवारणीचा पंप उतरावा म्हणून गाडा बनवला. २०२२ मध्ये ‘शार्क टँक इंडिया’ या गुंतवणूकदारांपुढे कल्पना मांडायच्या टीव्ही कार्यक्रमात त्यांना १० लाख मिळाले ते ४० टक्के हिश्शाच्या बदल्यात, शिवाय २० लाखांचं बिनव्याजी कर्ज. त्यांच्यासाठी तो सौदा योग्य असेलही. पण कॉलेजात असताना तेवढीच रक्कम हिस्सा न देता मिळण्याची वाट उघडी असेल, तर आधी तीच चाचपून पाहावी.

कॉलेजच्या स्वतःच्या इनक्युबेटरचं गणित वेगळं. केंद्राच्या २०१९ च्या विद्यार्थी-प्राध्यापक स्टार्टअप धोरणानुसार जागा, यंत्रं, मार्गदर्शन यांच्या बदल्यात संस्था २ ते ९.५ टक्के हिस्सा घेऊ शकते. त्याच धोरणात हजेरीत सवलत आणि स्टार्टअपसाठी सेमिस्टरची सुट्टी यांचीही तरतूद आहे. तुमच्या कॉलेजने ते किती स्वीकारलं आहे, हे सही करण्याआधी लेखी विचारा.

पैसे मिळतील म्हणून घाईने प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढण्याचा मोह इथेच होतो. केंद्राचा ‘स्टार्टअप इंडिया सीड फंड’ प्रयोगासाठी २० लाखांपर्यंत अनुदान देतो, पण कंपनीला अर्जाच्या दिवशी दोन वर्षांहून जास्त झालेली नसावीत. दुसऱ्या वर्षाला कंपनी काढून ठेवली आणि नमुना चौथ्या वर्षी तयार झाला, तर ती मुदत फुकट गेली. शिवाय एक रुपयाचा धंदा नसला तरी दरवर्षी ऑडिट आणि विवरणपत्रं चुकत नाहीत, उशिराला प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये पडतात. ‘प्रयास’ला कंपनी नसतानाही अर्ज करता येतो. कंपनी नंतर.

या रस्त्याला वेळ लागतो, आणि तो लागणारच. मुंबई आयआयटीतल्या मुलांनी हाताने फिरवून मोबाइल चार्ज करण्याच्या यंत्रावर काम केलं, २००७ मध्ये ‘आयडियाफोर्ज’ ही कंपनी काढली, ‘साइन’मध्ये ती वाढली, वळण घेत ड्रोनवर आली आणि २०२३ मध्ये शेअर बाजारात उतरली.

थेट ग्राहकाकडे

मेसवाल्या ग्रुपने हाच रस्ता धरावा असं मी ठामपणे सांगेन. ॲप नको. आसपासच्या तीन मेस, एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि एक एक्सेल शीट एवढ्यावर महिनाभर खाडे तुम्ही मोजा. मावशींना ‘असं ॲप आवडेल का?’ विचारू नका, त्या ‘हो बाळा’ म्हणतील. ‘काल किती कणीक मळली, किती पोळ्या उरल्या, त्यांचं काय केलं?’ असं विचारा.

मग एक गोष्ट कळेल जी कुठल्याही हॅकेथॉनमध्ये कळत नाही. न सांगितलेला किंवा न धरलेला खाडा म्हणजे मेसवाल्याची बचत असते. पैसे आलेले असतात आणि ताट वाढावं लागत नाही. तुम्ही खाडे चोख मोजून मुलांना पैसे परत मिळवून दिलेत, तर ज्याच्याकडून फी घ्यायची त्याचंच उत्पन्न घटेल. म्हणजे विकायची गोष्ट खाड्याचा हिशेब नाहीच. उद्या दुपारी जेवायला नक्की किती जण येणार, हा आकडा विकायचा. त्या आकड्यावर कणीक वाचते, भाजी वाचते, गॅस वाचतो, आणि त्याचे पैसे मेसवाला देऊ शकतो. त्याने दुसऱ्या महिन्यात स्वतःहून पैसे दिले तर कल्पना खरी. नाही दिले तर एका महिन्यात मोकळे झालात.

या रस्त्याला कागद कमी लागतात. छोट्या धंद्यांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तोवर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. एकाच्या नावावर सुरुवात करा, पण हिस्सा कुणाचा किती हे पहिल्या दिवशी साध्या कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. शेवटच्या वर्षी प्लेसमेंट सुरू झाल्या की दोघं तरी नोकरी पकडतात, त्यात गैर काही नाही. पण कोड कुणाचा, नाव कुणाचं हे तेव्हा ठरवायला बसलात तर मैत्री आणि धंदा दोन्ही जातात.

पेटंटचा प्रश्न कुठे येतो

चाळीच्या सेन्सरला येतो, मेसला नाही, कारण निव्वळ कम्प्युटर प्रोग्रॅमला आपल्याकडे पेटंट मिळत नाही. यंत्रात खरंच काही नवं असेल तर हॅकेथॉनच्या मंचावर दाखवण्याआधी पेटंटचा तात्पुरता (प्रोव्हिजनल) अर्ज दाखल करा. एकदा चारचौघांत उघड केलं की नावीन्याचा दावा अडचणीत येतो. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचं शुल्क १,६०० रुपये आहे आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात.

मग निवड कशी करायची

‘काहीतरी करायचंय, पण प्रश्नच सापडलेला नाही’ असा ग्रुप असेल तर हॅकेथॉनला जा, माणसं मिळतील. अडचण माहीत आहे पण त्यासाठी कुणी पैसे देईल का याची खात्री नाही, तर थेट ग्राहकाकडे, आजच. अडचण पक्की, वस्तू बनवायला मात्र यंत्रं आणि पैसा हवा, तर इनक्युबेटर.

कांदावाल्यांनी थोडे दोन्ही रस्ते चालावेत. आधी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, चाळी भरलेल्या आणि सड वाढलेली असताना, दहा-पंधरा शेतकऱ्यांकडे जाऊन बसावं. किती क्विंटल भरला, किती फेकला, चाळ केव्हा आणि का फोडली हे लिहून घ्यावं. ती वही अर्जाला जोडावी, कारण अर्ज वाचणाऱ्याला सर्किटपेक्षा तीच जास्त पटेल. निवड आणि पैसे हातात येणं याला काही महिने जातात, त्यामुळे अर्ज दिवाळीच्या आत गेला पाहिजे. एप्रिलमध्ये चाळ भरताना नमुना आत बसवता आला नाही, तर पुढची संधी थेट पुढच्या एप्रिलला, आणि तोवर तुमचं शेवटचं वर्ष संपलेलं असेल.