पुराच्या पाण्यातून काढलेली हायब्रिड गाडी आमच्या गळ्यात मारली

ज्यांच्या घरी सध्या सेकंडहँड हायब्रिड (म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि मोटर असलेली) गाडी घ्यायची की नाही यावर चर्चा चालू आहे, त्यांनी टोकन देण्याआधी हे वाचावं. आमची साडेतेरा लाखांना फसवणूक झाली आहे. ती करणाऱ्या माणसाने पुण्यात दुकान थाटलं आहे आणि आज या क्षणीही तो कुणाला तरी गाडी दाखवत असेल. पेट्रोल गाडी तपासायची आपली जी रूढ पद्धत आहे, तिच्या तावडीत ही लबाडी येतच नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आम्ही नाशिकचे. घरात पाच माणसं, यजमानांची रोजची सातपूरची ये-जा, शिवाय सासूबाईंच्या उपचारांसाठी पुण्याच्या फेऱ्या. सिग्नलला थांबत, रांगेत सरकत चालवायचं असेल तर हायब्रिडसारखी गाडी नाही, हे माझं मत आजही कायम आहे. २०२२ मध्ये ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर आल्या आणि लिटरला २७.९७ किलोमीटर हा कंपनीचा आकडा घरोघरी पोचला. नवीन गाडी आमच्या बजेटबाहेर होती, म्हणून दोन-तीन वर्षं वापरलेली शोधायला लागलो. (जाहिरातीत नुसतं 'हायब्रिड' लिहिलेलं असेल तर आधी माइल्ड की स्ट्राँग ते विचारा. स्ट्राँग हायब्रिड काही वेळ नुसत्या बॅटरीवर धावते, माइल्ड धावत नाही, आणि दोन्हींच्या किमतीत लाखांचा फरक असतो.) आम्ही कोणती गाडी घेतली ते मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष गाडीच्या कंपनीचा नाही. गाडी पाण्यात बुडाली होती आणि ते लपवून आम्हाला विकली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये गाडी पाहिली. आमच्याबरोबर आमचे नेहमीचे मेकॅनिक काका होते. तीस वर्षं गाड्यांखाली घालवलेला माणूस. त्यांनी बॉनेट उघडलं, ऑइलचं झाकण काढून पाहिलं, ॲप्रन आणि पिलर बोटांनी चाचपले, गाडी कुठे ठोकलेली नाही याची खात्री केली. टायर पाहिले, एसी पाहिला, लांब चक्कर मारली. सगळं चोख होतं. किलोमीटरही खरे होते, मीटर मागे फिरवलेला नव्हता. काकांनी बॅटरीबद्दल विचारलं तेव्हा डीलर हसला. "ताई, हायब्रिडमध्ये बघायचं काय असतं? बॅटरीला कंपनीची आठ वर्षांची वॉरंटी आहे. डोळे मिटून घ्या."

हे वाक्य लक्षात ठेवा. वॉरंटी खरीच असते. स्ट्राँग हायब्रिडच्या मोठ्या बॅटरीवर आपल्याकडे साधारणपणे आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर मिळतात. पण पाणी शिरून झालेलं नुकसान त्यात बसत नाही. विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तो बॅटरीचा प्रश्न आला की वॉरंटीचा कागद पुढे करत होता.

कागदही आम्ही मागितले होते. सर्व्हिसचं रेकॉर्ड दिलं, त्यात जून २०२४ पर्यंतच्या सगळ्या नोंदी वेळच्या वेळी. पुढचं काहीच का नाही, असं मी विचारलं तर उत्तर तयार होतं : मालक मुलाकडे परदेशी गेले, गाडी झाकून उभी होती. आरसीवर दुसरा मालक दिसत होता आणि नावबदल ऑक्टोबर २०२४ चा होता. त्यावर उत्तर, घरातच भावाच्या नावावर केली. विम्याच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्य होता. त्यावर उत्तर, पॉलिसी मध्ये संपली होती, नव्वद दिवस उलटून गेले म्हणून बोनस गेला. प्रत्येक उत्तर एकेकटं घेतलं तर पटण्यासारखं आहे. पॉलिसी संपून नव्वद दिवस झाले की बोनस जातो, हा नियम खरा आहे. पण सर्व्हिस अचानक थांबते, लगेच मालक बदलतो आणि बोनस शून्यावर येतो, या तीन गोष्टी एकाच गाडीत एकाच सुमारास दिसल्या तर सावध व्हा. गाडीवर मोठा क्लेम झालेला असू शकतो.

जूनपर्यंत गाडी सुरेख चालली. मृगाचा पाऊस लागला आणि एका सकाळी डॅशबोर्डवर हायब्रिड सिस्टिम तपासा असा इशारा आला. गाडी बंद करून चालू केली तर गेला. दुपारी ऊन पडलं की काही नाही, रात्री पाऊस झाला की सकाळी पुन्हा तेच. मग इंजिन सतत चालू राहायला लागलं, बॅटरीच्या चार्जच्या कांड्या पाहता पाहता भरायच्या आणि तितक्याच झपाट्याने उतरायच्या. मागच्या सीटवर मुलं म्हणायची, आई, मागे पंखा ओरडतोय. तो बॅटरी थंड ठेवणारा पंखा होता. शेवटी गाडी घरासमोरून हलेनाच.

अधिकृत वर्कशॉपमध्ये टो करून नेली. स्कॅनरवर कोड आला पी०एए६. उच्च दाबाच्या वायरिंगचं किंवा बॅटरीचं इन्सुलेशन कमी झालं आहे, कुठेतरी वीज बॉडीकडे झिरपते आहे, असा त्याचा अर्थ. हवेत दमटपणा आला की ही गळती वाढते, कोरड्या दिवसांत लपून राहते. गाडी आम्हाला फेब्रुवारीत विकली गेली याचं कारण मला तिथे उभ्याउभ्या कळलं.

आमच्या गाडीत बॅटरी डिकीच्या तळाशी आहे. तंत्रज्ञाने रबरी हातमोजे घातले, बॅटरीची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढला, थोडा वेळ थांबला आणि मग वरचं कव्हर उचललं. मला लांबूनच पाहायला सांगितलं, कारण आत माणसाला मारण्याइतका विजेचा दाब असतो. सेल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरे फुटवे आले होते. काही पट्ट्या घासून चकचकीत केलेल्या आणि बाकीच्या तशाच सोडलेल्या. म्हणजे आमच्या आधी कुणीतरी ही बॅटरी उघडली होती, जेमतेम साफ केली होती आणि परत बंद केली होती. उच्च दाबाच्या नारिंगी केबलच्या जोडाच्या खाचेत वाळलेल्या गाळाची बारीक रेघ होती. नंतर त्याने मागच्या सीटचा बेल्ट पूर्ण बाहेर ओढला. वरचा भाग नव्यासारखा, आणि शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट डाग.

मग चासी नंबरवरून पूर्ण रेकॉर्ड काढलं. जुलै २०२४ च्या अखेरीस गाडी सिंहगड रस्त्यावरून टो करून आणल्याची नोंद त्यात होती. कारण : पाणी शिरणे. दुरुस्तीचं अंदाजपत्रक दिलेलं, काम न करता गाडी परत नेलेली. २५ जुलै २०२४ ला मुठेला पूर आला आणि एकता नगरीसारख्या भागांत पार्किंगमधल्या गाड्या पाण्याखाली गेल्या, हे पुणेकरांना आठवत असेल. डीलरने आम्हाला दिलेल्या प्रिंटमधून नेमकं हेच शेवटचं पान काढून टाकलेलं होतं.

अशा गाड्यांचा पुढचा प्रवास समजून घ्या. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी ती टोटल लॉस धरते. मालकाला पैसे मिळतात, गाडी भंगार म्हणून लिलावात जाते. आरसी रद्द झालेली नसेल तर घेणारा ती धुऊन, सीट आणि कार्पेट बदलून पुन्हा बाजारात आणू शकतो. साध्या पेट्रोल गाडीत वास, गंज, बिघडणारी वायरिंग, काहीतरी लवकर उघडं पडतं. हायब्रिडमध्ये खरं नुकसान बंद डब्यात असतं. तो डबा कुठलाही गॅरेजवाला उघडत नाही आणि उघडूही नये.

बॅटरी आणि संबंधित केबलचा खर्च लाखांत सांगितला आहे. वॉरंटी अर्थातच नाकारली, आणि त्यात वर्कशॉपचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

डीलर पहिल्यांदा फोनवर गोड बोलला, नंतर म्हणाला, "ताई, गाडी मालकाने विकली, मी फक्त मधला माणूस." आणि कागदावर ते तसंच आहे. मालकी बदलण्याच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर आरसीवरच्या मालकाची आणि यजमानांची सही. डीलरचं नाव कुठेही नाही. हा कायद्याने बंद केलेला मार्ग आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, आणि गाडी त्याच्या ताब्यात दिली की मालकाने २९सी फॉर्म भरून ते कळवायचं असतं. त्यानंतर त्या गाडीची जबाबदारी विक्रेत्यावर येते. त्यामुळे दुकानात पाऊल टाकल्यावर आधी अधिकारपत्र दाखवा म्हणा. जो टाळाटाळ करेल, त्याच्या दुकानातून बाहेर पडा. भिंतीवर मोठा बोर्ड आणि दारात दहा गाड्या, एवढ्यावर तो अधिकृत ठरत नाही.

तपासणीचं म्हणाल तर हायब्रिड गाडी डीलर सांगेल त्या गॅरेजात नव्हे, त्याच कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये न्या. चासी नंबरवरून रेकॉर्ड तुमच्या डोळ्यांसमोर काढायला सांगा. आम्हालाही डीलरने 'बॅटरी हेल्थ ९४ टक्के' असा छापील कागद दिला होता, तो कुणीही छापू शकतो. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला तर आलेल्या कोडइतकंच आणखी एक पाहा : कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली. तो आकडा पाच-पंचवीस असेल तर तुम्ही येण्याआधी कुणीतरी इशारे पुसले आहेत. 'बारा व्होल्टची बॅटरी नुकतीच बदलली' हे त्यावरचं ठरलेलं उत्तर, कारण ती काढली की कोड पुसले जाऊ शकतात. मग म्हणा, शंभरेक किलोमीटर चालवू द्या, पुन्हा स्कॅन करू. खरा विक्रेता याला हरकत घेत नाही. आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहायला कुणाची परवानगी लागत नाही.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. २०१९ च्या कायद्यामुळे ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. दहा ते वीस लाखांच्या व्यवहाराला फी ४०० रुपये आहे आणि फसवणूक झाल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. आमची बाजू आज उभी आहे ती व्हॉट्सॲपवरच्या संभाषणामुळे, कारण 'पाण्यात गेलेली नाही ना?' असा प्रश्न मी लिहून विचारला होता आणि 'अजिबात नाही, लिहून देतो' असं त्याने लिहून कळवलं होतं. टोकनही डीलरच्याच खात्यावर बँकेतून गेलं आहे, त्यामुळे आपला संबंध नाही असं त्याला म्हणता येणार नाही. जाहिरात त्याने विक्रीच्या दुसऱ्या दिवशी काढून टाकली. तुम्ही गाडी पाहायला जाण्याआधीच तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, गाडीच्या नंबरासकट.