एनी ह्यूमन हार्ट : पावसाळा ते उन्हाळा उशाशी ठेवून वाचल्यावर

पहिलंच सांगते, चार दिवसांच्या सुट्टीत फडशा पाडायला पुस्तक शोधत असाल तर हे राहू द्या, एखादी थ्रिलर घ्या. विल्यम बॉइडची ही कादंबरी 2002 ला आली, पाचशेच्या आसपास पानं, आणि सगळीच्या सगळी एका माणसाची डायरी. माणूस काल्पनिक, लोगन माउंटस्टुअर्ट नावाचा इंग्रज लेखक. जन्म 1906 ला उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओत, मरण 1991 ला फ्रान्समधे, आणि मधे अख्खं विसावं शतक. मी पावसाळ्यात सुरू केली आणि ऊन तापायला लागलं तेव्हा संपवली, मुद्दाम. एवढे महिने वापरून माझं मत असं झालंय की डायरी डायरीच्याच चालीने वाचायची, रोज दोन-चार पानं, कधी आठवडाभर काहीच नाही, तरच हा लोगन कळतो. भराभर वाचणाऱ्याला तो नुसता बायकांच्या मागे लागणारा आणि मोठ्या लोकांच्या पार्ट्यांत घुसणारा वाटतो. आमच्या बरोड्याच्या दांडिया बाजारच्या ग्रुपमधे ज्यांनी दिवाळीच्या सुट्टीत उरकली त्यांना तो अगदी तस्साच वाटला, एकीने तर सरळ 'लफडेबाज' म्हणून विषय संपवला.

पुढे स्पॉयलर आहेत बरं का, नको असतील तर शेवटच्या दोन पॅरावर उडी मारा.

तर लोगनचा बाप डबाबंद बीफच्या कंपनीत मॅनेजर, आई उरुग्वेची, मग हे लोक इंग्लंडला येतात. डायरी सुरू होते 1923 ला, बोर्डिंग शाळेत. तीन मित्र कंटाळा आला म्हणून एकमेकांना पैजा लावतात, लोगनने शाळेच्या रग्बी टीममधे घुसून दाखवायचं, बेन ज्यू घरातला त्याने कॅथलिक व्हायच्या मागे लागायचं, पीटरने शेतावरच्या एका पोरीला पटवायचं. पोरकटपणा आहे सगळा, आणि हा भाग मला जरा लांबलाच वाटला, पण हे दोघं मित्र पुढे आयुष्यभर येत-जात राहतात, एक यशस्वी कादंबरीकार होतो आणि एक आर्ट डीलर, त्यामुळे ही पानं सोडू नका. ऑक्सफर्ड मी पटकन उरकलं. नंतर तो लिहितो कवी शेलीचं चरित्र, एक तुफान खपलेली कादंबरी, एका लॉर्डच्या मुलीशी लग्न, आणि तिथून पुढे लेखक म्हणून गाडी उताराला. तिशीत माणसाचं सगळं झालेलं असतं आणि अजून पन्नास-पंचावन्न वर्षं काढायची असतात, ही गोष्ट फार कमी पुस्तकं सांगतात. आपल्याकडेही एका पुस्तकावर जन्मभर सत्कार घेणारे आहेतच की, पण त्यांची डायरी कुठे वाचायला मिळते.

तक्रार आहे माझी एक, ती आधीच टाकते. हा माणूस जिथे तिथे हजर. पॅरिसमधे हेमिंग्वे, जॉइस, लंडनमधे व्हर्जिनिया वुल्फ, मग पिकासो, युद्धात तर त्याला नेव्हल इंटेलिजन्समधे कोण घेतं, तर जेम्स बाँडवाला इयान फ्लेमिंग. नारदमुनींसारखा प्रत्येक दरबारात याचा प्रवेश ठरलेला. सुरुवातीला मला वैताग आला होता. पण एक आहे, बॉइडने या मोठ्या लोकांना मोठं बोलायला लावलेलं नाही. ते येतात, काहीतरी फालतू बोलतात, दारू पितात, जातात. डायरी लिहिताना लोगनला कुठे ठाऊक की पुढे कोणाचे पुतळे होणार आणि कोणाचं नाव पुसलं जाणार. एखाद्या फुटकळ कवीवर तो पानभर लिहितो आणि जॉइसला चार ओळींत गुंडाळतो, हे मला खरं वाटलं.

माझी वाचायची पद्धत अशी होती. रात्री जेवण, भांडी, सगळं आवरलं की झोपाळ्यावर बसून एक-दोन नोंदी. बँकेत क्लोजिंगचे दिवस असले की पुस्तक बंद. युद्धाच्या डायरीपर्यंत पोचले तेव्हा 2024 च्या ऑगस्टमधला आमच्या विश्वामित्री नदीचा पूर आला, लाइट गेलेले, खालच्या मजल्यावरचे लोक वर आमच्याकडे, सोसायटीच्या ग्रुपवर मगर दिसल्याचे व्हिडिओ, आणि मी टॉर्च लावून लंडनमधली युद्धाची वर्षं वाचतेय. सासूबाई म्हणाल्या, अगं आधी मोबाइल चार्ज कसा करायचा ते बघ. त्यानंतर कितीतरी दिवस पुस्तकाला हात लागला नाही.

आणि नेमका तोच गॅप पुस्तकातही येतो. लोगनची दुसरी बायको फ्रेया, मुलगी स्टेला, एवढाच त्याच्या आयुष्यातला खरा सुखाचा तुकडा. त्याला गुप्त कामगिरीवर स्वित्झर्लंडमधे उतरवतात, तिथे पकडला जातो आणि दोनेक वर्षं कोंडून ठेवतात. डायरी जवळजवळ बंद. सुटून घरी येतो तर कळतं की तो मेला असं समजून फ्रेयाने दुसरं लग्न केलं होतं आणि ती आणि स्टेला दोघी जर्मनांच्या व्ही-टू रॉकेटच्या हल्ल्यात गेल्या. हा प्रसंग आपल्याला 'दाखवलेला' नाहीच, कारण तो तिथे नव्हता आणि लिहितही नव्हता. साध्या कादंबरीत इथे दहा पानं रडारड असती. इथे पान उलटता आणि सगळं आधीच होऊन गेलेलं असतं. मला पुढच्या नोंदींपेक्षा त्या न लिहिलेल्या वर्षांनीच जास्त छळलं. एका बैठकीत वाचणाऱ्याला हा गॅप दोन मिनिटांचा, माझ्याकडे मधे पूर, चिखल काढणं, विम्याचे कागद एवढं सगळं होऊन गेलेलं, त्यामुळे मी पण त्याच्याइतकीच बेसावध होते.

ड्यूक ऑफ विंडसरचा भाग आपल्या बरोड्याच्या माणसाने तर मजा घेत वाचावा असा आहे. इंग्लंडची गादी सोडलेला हा राजा 1940 ते 45 बहामाचा गव्हर्नर होता, आणि 1943 ला तिथे सर हॅरी ओक्स या अतिश्रीमंत माणसाचा खून झाला, हे खरं घडलेलं. ड्यूकने स्थानिक पोलिसांना बाजूला ठेवून मायामीहून डिटेक्टिव्ह बोलावले, ओक्सच्या जावयावर केस घातली, बोटाच्या ठशाचा पुरावा कोर्टात टिकला नाही, जावई सुटला, खुनी आजतागायत सापडलेला नाही. बॉइडने लोगनला बरोब्बर या भानगडीत उभं केलंय, खोट्या पुराव्यात सामील व्हायला तो नाही म्हणतो आणि ड्यूक-डचेसचा कायमचा रोष ओढवून घेतो. हे वाचताना मला सारखी 1911 च्या दिल्ली दरबाराची आठवण येत होती, सयाजीराव महाराज पंचम जॉर्जसमोर एकदाच वाकले आणि पाठ फिरवून चालू लागले म्हणून केवढा गहजब झाला होता. तो पंचम जॉर्ज म्हणजे याच ड्यूकचा बाप. आमच्याकडे हा किस्सा लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलाय की त्या घराण्याचा मानापमान म्हटलं की मी आपोआप महाराजांच्या बाजूने. लोगनकडे महाराजांची ऐट नाही, तो नाही म्हणतो आणि नंतर घाबरतो, पण म्हणतो हे महत्त्वाचं.

आता पुस्तकाची कारागिरी. यात खोटा संपादक आहे, खोट्या तळटीपा आहेत, प्रत्येक डायरीच्या आधी छोटी प्रस्तावना आणि शेवटी चक्क सूची, खऱ्या माणसाचं चरित्र असावं तशी. तळटीप थंडपणे सांगते की अमका पुढे तमक्या साली वारला, आणि वर लोगन त्याच्याशी उद्याचा बेत ठरवत असतो. फार वाईट वाटतं अशा वेळी. बॉइडला ही खोड जुनी आहे. 1998 ला त्याने नॅट टेट नावाच्या कधी नसलेल्या अमेरिकन चित्रकाराचं चरित्र छापलं, एक एप्रिलच्या तोंडावर न्यूयॉर्कमधे जेफ कून्स या कलावंताच्या स्टुडिओत दणक्यात पार्टी झाली, गायक डेव्हिड बोवीने स्वतः त्यातले उतारे वाचले, आणि आलेल्या जाणकारांतले काही जण मान डोलवत बसले. नाव सुद्धा लंडनच्या नॅशनल आणि टेट या दोन गॅलऱ्यांवरून जोडलेलं. लोगन माउंटस्टुअर्ट त्या पुस्तकातही आहे, आणि इकडे न्यूयॉर्कच्या डायरीत नॅट टेट परत येतो. न्यूयॉर्कच्याच भागात लोगन एका अल्पवयीन मुलीच्या प्रकरणात अडकून पळ काढतो, ते मला सहन झालं नाही आणि व्हायलाही नको. लेखकाने त्याला तिथे सोडवलेलं नाही, हे मान्य करते.

आमच्या आजोबांची रोजनिशी घरी आहे, गायकवाडी राज्यात नोकरी होती त्यांची. त्यात काय आहे तर पाऊस, भाजीचा भाव, कोण येऊन गेलं, पोट ठीक नाही, आणि ज्या दिवशी काकाचा जन्म झाला त्या दिवशी दूध जास्त घेतल्याची नोंद. बस. त्या मानाने लोगन फारच छान छान लिहितो, रात्री दारू पिऊन आलेला माणूस एवढी सुबक वाक्यं लिहील का ही शंका मला शेवटपर्यंत राहिली. पण म्हातारपणाच्या डायऱ्यांत ही सुबकता उतरत जाते आणि तिथे पुस्तक खरं उंचीवर जातं. मधे नायजेरियाचा भाग येतो, तिथलं बियाफ्राचं यादवी युद्ध (1967 ते 70), तो अगदी आतून लिहिलेला आहे, बॉइडचा जन्मच घानातल्या अक्राचा आणि लहानपण पश्चिम आफ्रिकेत गेलेलं. मग सत्तरीतला लोगन लंडनला परत, पैसे संपलेले, एका अंधाऱ्या फ्लॅटमधे, आणि स्वस्त पडतं म्हणून कुत्र्यांच्या खाण्याचे डबे आणून त्याचं स्टू करून खातो. यात कुठे 'बघा माझी दशा' नाही. वासाला काय आहे, चव सुधारायला वरून काय टाकावं, हे तो आधी पॅरिसच्या जेवणाबद्दल लिहायचा तशाच गंभीरपणे लिहितो. मी हे पान घरात मोठ्याने वाचून दाखवलं, मुलगा हसला, हे आधी हसले आणि मग उठून आत गेले, त्यांच्या एका काकांचे शेवटचे दिवस असेच गेलेत.

त्याचं एक म्हणणं पुस्तकभर फिरत राहतं, की आयुष्य म्हणजे शेवटी चांगल्या नशिबाचा एक ढीग आणि वाईट नशिबाचा एक. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फारच सोपं वाटलं, कोणीही चहाच्या टपरीवर म्हणेल असं. पण बोलणारा माणूस तोच असला तरी पंचविशीत बोलणं वेगळं आणि पंच्याऐंशीत वेगळं, आणि मधली साठ वर्षं आपण त्याच्यासोबत काढलेली असली की मग वाद घालावासा वाटत नाही.

सिरीज पण आहे, 2010 ची चॅनल फोरची, स्क्रिप्ट बॉइडचीच, तीन वयांचे तीन लोगन, सॅम क्लॅफ्लिन, मॅथ्यू मॅकफेडियन आणि जिम ब्रॉडबेंट. ब्रॉडबेंटसाठी बघाच. पण आधी पुस्तक, कारण सिरीजमधे तळटीपा नाहीत आणि फ्रेयाचं सगळं डोळ्यांसमोर येतं, मी वर जे गॅपचं म्हटलं ते तिथे चालत नाही.

आता घेणाऱ्यांसाठी. इंग्रजी अवघड नाही पण फ्रेंच शब्द आणि दारूंची नावं फार आहेत, अडू नका, पुढे चला. माझी पेपरबॅक ऑनलाइन मागवलेली, अक्षर बारीक, चाळिशी लागलेल्यांनी विचार करा, आणि अर्ध्यावर आल्यावर मधला गठ्ठा सुटून हातात आला, डिंकाने चिकटवलाय. ई-बुकवर अक्षर मोठं करता येतं पण प्रत्येक तळटीपेला टिचकी मारून मागे-पुढे जावं लागतं आणि तिसऱ्या-चौथ्यानंतर माणूस ते सोडून देतो, मग पुस्तकाची निम्मी गंमत गेली, म्हणून मी तरी कागदीच म्हणेन. शेवटची सूची आधी उघडू नका, कोणाचं काय झालं ते सगळं तिथे फुटतं, माझ्या भाचीने नेमकं तेच केलं आणि फोन करून मलाच रागावली. सध्या प्रत तिच्याकडे आहे, ऑक्सफर्डवर अडकलीये, तिला सांगितलंय की दोन पानं रोज आणि कंटाळा आला तर सरळ 1930 च्या पुढे जा. साडेचार स्टार, अर्धा त्या नारदगिरीसाठी कापला.