मराठी क्रिएटिव्हसाठी फुकट देवनागरी फॉन्ट: 'एक टाइप'चं काम खरंच भारी आहे

इन्स्टाच्या पोस्ट, यूट्यूबचे थंबनेल, रील्सची सबटायटल्स, गावातल्या दुकानाची दिवाळी ऑफर, असलं काम मराठीत करणाऱ्यांनी हा रिव्ह्यू वाचा. मुंबईच्या 'एक टाइप' या ग्रुपचे फॉन्ट मी रोजच्या कामात वापरतो आणि मनापासून सांगतो, मराठी ऑनलाइन जाहिरात आज जी बरी दिसायला लागलीये त्यात या लोकांचा मोठा वाटा आहे. सगळे मेन फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत, ओपन लायसन्स आहे, म्हणजे क्लायंटच्या पैसेवाल्या कामात, लोगोत, व्हिडिओत, ॲपमध्ये कुठेही बिनधास्त वापरा. फक्त नुसती फॉन्टची फाइल विकायची नाही, बास.

आपल्याकडे अक्षराची जाहिरात काही नवी नाही हो. कमल शेडगेंनी पेपरातल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षरं आठवा, नाटक कॉमेडी आहे का गंभीर ते नाव वाचायच्या आधीच कळायचं. मग कॉम्प्युटर आला आणि बरीच वर्षं मराठी डिझाइन म्हणजे तेच ठरावीक चार-पाच फॉन्ट, त्यातही बरेच युनिकोड (सगळ्या मशीनवर अक्षरांचे सारखेच कोड) नसलेले, एका मशीनवर टाइप केलेलं दुसऱ्यावर उघडलं की नुसता चिखल. विंडोजवरचा मंगल हा फॉन्ट अक्षरकार र. कृ. जोशींनी केलेला, त्याचे उपकार आहेतच कारण त्याच्यामुळे मराठी स्क्रीनवर नीट वाचता यायला लागलं, पण मंगल हा ऑफिसचा फॉन्ट, जाहिरातीत त्याच्याकडून किती काम करून घेणार! एक टाइपवाले २०१३ पासून ही पोकळी भरतायत. सारंग कुलकर्णी, गिरीश दळवी, नूपुर दाते ही त्यातली ओळखीची नावं.

सुरुवात मोदकपासून करतो कारण तो बघूनच मी यांच्या प्रेमात पडलो. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंग्रे यांचा हा फॉन्ट, आणि नाव शोभतं त्याला, इतकं फुगीर अक्षर की आतली पोकळी जवळपास गायबच, नुसती एक बारीक रेघ राहते आणि त्या रेघेवरच आपण अक्षर ओळखतो. देवनागरी इतकी जाड होऊ शकते आणि तरी वाचता येते हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. कारण आपल्या लिपीत गर्दी फार, वर शिरोरेखा, त्यावर मात्रा, रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. इंग्रजीत ओ जाड करणं वेगळं आणि 'क्ष्म' जाड करणं वेगळं, प्रत्येक अक्षराचा वेगळा विचार करावा लागतो. गणपतीच्या दिवसांत, लहान मुलांच्या वस्तूंना, मिठाईच्या दुकानाला एकच मोठा शब्द मोदकमध्ये टाका, बाकी काही करायची गरज नाही. पण एकच शब्द हां. याच्यात पत्ता आणि फोन नंबर लिहिणारे लोक बघितलेत मी, प्लीज नका करू, लहान साइजला सगळं भरून जातं.

बलू त्याच्यापेक्षा जास्त कामाचा, आणि आता इतका वापरला जातो की रस्त्यावर, पॅकेटवर, थंबनेलवर कुठेही दिसतो. आधी एकाच जाडीत होता, मग बलू २ आला त्यात रेग्युलरपासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत पाच वजनं, म्हणजे जाडीचे पाच प्रकार आहेत. गोल कोपरे, मऊ अक्षर, पण हेडलाइनला दम आहे. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक लिपीच्या बलूला तिकडे भावाला जे म्हणतात ते नाव दिलंय, गुजराती तो बलू भाई, गुरुमुखी बलू पाजी, मल्याळम बलू चेट्टन, तमिळ बलू तंबी, बंगाली बलू दा. एकाच ब्रँडची ॲड सहा भाषांत करायची असेल तर सगळीकडे तोच स्वभाव राहतो, आणि तरी तमिळ अक्षर तमिळच वाटतं. तक्रार म्हणाल तर एकच, अतिवापर झालाय. मिसळवाला, क्लासवाला, डेंटिस्ट सगळे बलूत. डेंटिस्टला ठीक आहे एक वेळ, पण श्रद्धांजलीची पोस्ट बलूत बघवत नाही.

मुक्ता हा घरातला कामसू फॉन्ट. सात वजनं, साधा, स्वच्छ, मोबाइलवर लांब मजकूर वाचायला उत्तम. वेबसाइट, ॲप, इ-मेलर, कॅरोसेलमधला बारीक मजकूर, डोळे झाकून घ्या. जास्त सांगण्यासारखं काही नाही त्यात आणि तोच त्याचा गुण.

आता 'अनेक' नावाचा फॉन्ट. माझ्या मते यांचं सगळ्यात मोठं काम हेच. २०२२ मध्ये आला, दहा लिप्या, आणि व्हेरिएबल फॉन्ट आहे, म्हणजे वजन थिनपासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत आणि रुंदीही कंडेन्स्डपासून एक्स्पांडेडपर्यंत, मधली कुठलीही अवस्था आपण स्लायडर सरकवून घेऊ शकतो. याचा रोजचा फायदा काय ते सांगतो. ॲडची मास्टर कॉपी बहुतेक वेळा इंग्रजी किंवा हिंदीत येते आणि लेआउट आधीच ठरलेला असतो, मग 'बाय नाऊ' च्या बटणात 'आत्ताच खरेदी करा' बसवायला सांगतात. पूर्वी दोनच रस्ते, साइज कमी करा नाहीतर अक्षर आडवं दाबा, आणि दाबलं की उभ्या काना-दांड्या बारीक, शिरोरेखा मात्र तेवढीच जाड, एकदम आजारी दिसतं अक्षर. अनेकमध्ये रुंदी कमी केली तरी दांडी आणि शिरोरेखेचं गणित जागेवर राहतं कारण ते ड्रॉ करणाऱ्याने ठरवलेलं आहे. उभ्या रील्समध्ये सबटायटलला तर अनेक कंडेन्स्ड सेमीबोल्ड म्हणजे वरदान, मराठी शब्द लांब असतात, 'विद्यार्थ्यांसाठी' एका ओळीत मावतो आणि मोबाइलवर वाचताही येतो. वेबवर काम करत असाल तर जाडी-रुंदी ॲनिमेटही करता येते, शब्द श्वास घेतल्यासारखा फुगतो-आकसतो, मराठी शब्द तसा हलताना बघितला की फार छान वाटतं.

एक टाइपच्या बाहेरचे दोन सांगायलाच पाहिजेत. यात्रा वन, कॅथरीन श्मिट यांचा, मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला. त्यातली रोमन अक्षरंसुद्धा देवनागरीच्या बोरूच्या तिरकेपणाने काढलीत, म्हणजे इथे इंग्रजीला आपल्या वळणावर आणलंय, एरवी नेहमी उलटं होतं. दादर, परळ, गिरगाव असं काही असेल तर एका हेडलाइनमध्ये अख्खं शहर उभं राहतं. दुसरा तिरो देवनागरी मराठी, पुस्तकी, जाड-बारीक रेषांचा, दिवाळी अंकाच्या किंवा प्रकाशकाच्या पोस्टला शोभणारा. याचं महत्त्व असं की यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत, हिंदीचे नाहीत. वाचणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही पण हिंदी वळणाचा ल दिसला की जाहिरात बाहेरून आलीये हे जाणवतं. फक्त तिरोमध्ये रेग्युलर आणि इटॅलिकच आहे, बोल्ड नाही, तेवढं लक्षात ठेवा.

वापरताना थोडं सांभाळा. इंग्रजीची सवय म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात, हल्ली भल्या भल्या ब्रँडच्या कॅम्पेनमध्ये हे दिसतं आणि जीव तुटतो. दोन ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. फोटोशॉप-इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिप्या नीट जुळवणारा टेक्स्टचा पर्याय (वर्ल्ड-रेडी किंवा साउथ एशियन असं नाव असतं) चालू करा, प्रीमियरमध्ये टेक्स्ट इंजिन साउथ एशियन करा, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसेल आणि जोडाक्षरं सुटतील. क्लायंटला पाठवायच्या आधी 'वऱ्हाड', 'दऱ्या', 'कुऱ्हाड' असे शब्द टाइप करून बघा, तो अर्धा र नीट आला तर फॉन्ट मराठीच्या कामाचा. वेबसाइट असेल तर पानाची भाषा मराठी म्हणून कोडमध्ये नोंदवा, ज्या फॉन्टमध्ये मराठी रूपं दिलेली आहेत तिथे ती आपोआप येतात. आणि फ्लेक्सवाल्याकडे फाइल देणार असाल तर कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे आकार बनवूनच द्या, तिकडे त्यांच्या कोरल सॉफ्टवेअरमध्ये हे फॉन्ट असतीलच असं नाही.

अजून हवं काय? तिरोसारखा जाड-बारीक रेषांचा पण पाच-सहा वजनं असलेला, मराठी वळणाचा फॉन्ट फुकटात हवाय. दागिने, पैठणी, लग्नपत्रिकेचा व्हिडिओ या कामांना गोल गुबगुबीत अक्षर चालत नाही आणि तिथे पर्याय कमी पडतात. तोपर्यंत नवीन माणसाने आधी अनेक उतरवावा, मग मुक्ता, आणि भाद्रपद जवळ आला की मोदक.