अंगठीला माणिक घ्यायचंय? काच भरलेलं, लॅबमधलं, तापवलेलं, की सरळ गार्नेट

लग्नसराई आली की बेळगाव-शहापूरची सराफ गल्ली असू दे, नाहीतर निपाणी, चिकोडी, सगळे हेच विचारालेत की लाल खडा कुठला घ्यायचा. नथीतल्या बारीक लाल खड्यांत डोकं घालू नका, ते बहुतेक काच नाहीतर सिंथेटिकच (म्हणजे लॅबमध्ये बनवलेले) असतात आणि शोभतात पण. खरा घोळ अंगठीतल्या मोठ्या खड्याचा.

जास्त फसगत होते ती काच भरलेल्या माणकात. मूळ दगड खराच, पण इतका भेगाळलेला की तसाच कोण विकत घेणार नाही, म्हणून शिशाची काच वितळवून भेगांत भरतात, २००४ च्या आसपास हा माल बाजारात दिसायला लागला. पाच रतीचा टपोरा लालभडक खडा, दर ऐकून आपण खूश, वर "नॅचरल आहे की हो" म्हणतात आणि ते अगदी खोटंही नाही, म्हणून तर माणूस गप्प बसतो. पण अंगठी सैल झाली आणि खडा न काढताच कोणी आचेवर डाग देऊन सांधा केला तर आतली काच वितळते, सोनाराच्या ॲसिडात पडली तर झिजते, आणि लिंबाचा रस लागत राहिला तरी पांढरट रेघा उठतात. म्हणजे रोज हातात घालून स्वयंपाक करणाऱ्यांनी याच्या नादाला लागूच नये. ओळखायचं कसं, तर दहापट भिंगाखाली खडा हळूहळू फिरवा, भेगांत निळसर चमक आणि चपटे बुडबुडे दिसले की उठायचं.

लॅबमधलं माणिक मला त्याच्यापेक्षा कितीतरी बरं वाटतं. फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ वर्न्यूई यांनी १९०२ मध्ये ते बनवायची पद्धत जाहीर केली, घटक खाणीतल्या माणकाचेच, कठीणपणाही तोच, दहाच्या मापावर ९, रंग उडत नाही. भिंगाखाली वाकड्या रेघा दिसतात, खाणीतल्या दगडात त्या सरळ असतात. परत विकायला गेलात तर काही मिळणार नाही, हे धरूनच घ्या, आणि सिंथेटिक म्हणून सांगून विकलं असेल तरच.

तापवलेल्याला उगीच घाबरतात लोक. बाजारातलं बहुतेक माणिक रंग खुलवायला तापवलेलंच असतंय, आणि नुसतीच उष्णता दिली असेल, काच नसेल, तर तो रंग कायमचा. न तापवलेलं हवं तर पैसे बरेच जास्त मोजा आणि खडे तपासणाऱ्या लॅबचं सर्टिफिकेट घ्या, नुसत्या डोळ्यांनी ते कोणालाच सांगता येत नाही, दुकानदार कितीही जुना असला तरी. (म्हैसूर बाजूलाही माणिक निघतं, पण बरंचसं अपारदर्शक, उजेडात वर चांदणीसारखी चमक पडणारं.)

बजेट कमी असेल तर गार्नेट, थोडं तपकिरीकडे झुकतं पण स्वच्छ मिळतं. कठीणपणा साडेसहा ते साडेसात, धुळीतली वाळूच ७ ची, त्यामुळे रोजच्या अंगठीत कडा बोथट होतात, कानातल्यात मस्त टिकतं.

माझ्या हातात पैसे असते तर एक कॅरेटच्या आतलं तापवलेलं घेतलं असतं, नाहीतर लॅबमधलं. मोठं काच भरलेलं फुकट दिलं तरी विचार करीन.

रंग दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली ठरवू नका, दाराशी सावलीत या. खडा वरून बघताना मधोमध खालचं बोट आरपार दिसत असेल तर कट उथळ आहे, वजन नुसतं पसरलंय. रती म्हणजे साधारण ०.१८ ग्रॅम आणि कॅरेट ०.२ ग्रॅम, तेव्हा दर कशावर सांगितलाय ते आधी विचारा. हॉलमार्क फक्त सोन्याचा असतो, खड्याचा नाही, म्हणून बिलात खड्याचं वजन वेगळं आणि "काच भरलेलं नाही" हे लिहून घ्या, लिहायला का कू करत असतील तर पुढचं दुकान आहेच की. आणि खडा सुटा असतानाच बघून घ्या, मागून बंद कोंदणात बसवला की खाली लाल पत्रा लावलाय का, हे कळायचा मार्गच राहत नाही.