स्तनातला लिम्फोमा: आयएचसी-फिश आधी की थेट एनजीएस?

अमळनेरच्या माझ्या मामीला स्तनात गाठ लागली, तर म्हणाली, "दुखस नही, मंग कसाले जावानं?" बायोप्सीत निघाला लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींचा कर्करोग; त्यातला डिफ्यूज लार्ज बी-सेल हा प्रकार. स्तनाच्या शंभर कर्करोगांत हा एकही भरत नाही. नुसत्या सुईच्या तपासणीवर तो नीट ओळखूही येत नाही, तुकडाच लागतो.

पुढचा पेच पैशांचा आणि दिवसांचा. कोणती तपासणी आधी?

आयएचसीला, म्हणजे पेशींवरची प्रथिनं रंगवून ओळखण्याच्या तपासणीला, पर्याय नाही. गाठीच्या कापांवर सीडी२० हे प्रथिन दिसलं की त्यालाच चिकटणारं रिटुक्सिमॅब हे औषध देता येतं. ही तपासणी काही दिवसांत होते. फिश या चमकत्या खुणांच्या तपासणीत मिक, बीसीएल२ आणि बीसीएल६ ही जनुकं तुटलीत का ते पाहतात. मिक आणि बीसीएल२ दोन्ही तुटलेली असतील, तर डॉक्टर नेहमीच्या आर-चॉपऐवजी (रिटुक्सिमॅब आणि केमोची औषधं एकत्र) जास्त कडक केमोचा विचार करतात. म्हणजे या रिपोर्टने औषध बदलू शकतं.

एनजीएस ही जनुकवाचनाची तपासणी एकाच वेळी अनेक जनुकं वाचते. या आजारात एमवायडी८८ (त्याच्या प्रथिनात २६५ व्या जागी ल्युसीनऐवजी प्रोलीन) आणि सीडी७९बी या जनुकांतले बदल बरेचदा सापडतात. त्यामुळे पेशीला वाढीचा इशारा मिळतच राहतो. मेंदूतल्या आणि वृषणातल्या लिम्फोमातही हेच बदल दिसतात, आणि स्तनातला लिम्फोमाही पुन्हा उलटला तर कधी मेंदूत उलटतो. पण तो धोका गाठीच्या जागेवरूनच डॉक्टर धरून चालतात. बदल सापडला म्हणून पहिल्या फेरीतलं आर-चॉप सहसा बदलत नाही. खर्च मात्र मोठा, आणि रिपोर्टला आठवडे लागतात. त्यासाठी केमो थांबवू नये, असं माझं ठाम मत आहे. निदानात शंका असेल किंवा आजार उलटला, तर मात्र एनजीएस जरूर करा.

स्तनात कृत्रिम इम्प्लांट बसवलेल्या बाईची गोष्ट वेगळी. तिथे इम्प्लांटभोवती होणारा लिम्फोमा बहुधा टी-पेशी या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशींचा, बदल बरेचदा जॅक१ आणि स्टॅट३ या जनुकांत. आजार लवकर सापडला तर इम्प्लांट भोवतालच्या आवरणासकट काढणं हाच मुख्य उपचार. मामीसारख्या आजारात मात्र अख्खा स्तन काढून फायदा होत नाही. घाईने कुणी ऑपरेशन सुचवलं तर आधी रक्तविकारतज्ज्ञाला दाखवा.

मामीच्या लेकीने विचारलं, "हे माझ्यातही येईल का?" हे बदल गाठीच्या पेशींतच घडलेले असतात, आईकडून मुलीला जात नाहीत. बीआरसीए या आनुवंशिक स्तनकर्करोगाशी जोडलेल्या जनुकांची तपासणी वेगळी.

आम्ही आयएचसी आणि फिश केलं. गाठीचा तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक लॅबमधून परत मागून घेतला. पुढे एनजीएस लागलंच तर तोच मुंबईला पाठवता येईल, मामीला रेल्वेने न्यावं लागणार नाही.